येणे बाकी

कालवा खोदायचा तर आधी जमीन हवी. वाबाश नदीच्या काठची जमीन मायामी लोकांची होती. 1826 साली मिसिसिनेवा नदीच्या मुखाशी झालेल्या तहात त्यांनी वाबाशच्या उत्तरेकडची जमीन सोडली. त्याच तहात आणखी एक कलम होते. मायामींकडे राहिलेल्या राखीव जमिनींतूनही इंडियाना राज्याला कालवा किंवा रस्ता काढता येईल, असे ते कलम सांगत होते. 1832 मध्ये फोर्ट वेनला खोदकाम सुरू झाले. आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी फावड्या-कुदळीने, चिखलात, हिवतापाने फणफणत तो कालवा पुढे रेटला. 1843 पर्यंत वाबाशचे खोरे ईरी सरोवराला जोडले गेले. गहू, मका, डुकराचे मांस आणि लाकूड घेऊन खेचरांनी ओढलेल्या बोटी त्यातून संथपणे जाऊ लागल्या. 6 ऑक्टोबर 1846 रोजी पेरू नावाच्या इंडियानातल्या छोट्या गावातून या बोटी निघाल्या तेव्हा त्यांत धान्य नव्हते. त्यांत मायामी माणसे होती. म्हातारे, बाया, कडेवरची पोरे. त्यांना कॅन्ससच्या माळावर नेऊन सोडायचे कंत्राट दिलेले होते.

हे मायामी फ्लोरिडातल्या प्रसिद्ध शहराचे नव्हेत. हे वाबाश आणि मॉमी नद्यांच्या खोऱ्यांतले लोक. पांढरा, मऊ मका पिकवणारे आणि नद्यांच्या काठाने गावे वसवणारे. त्यांचे मोठे गाव केकिओंगा. सेंट मेरीज आणि सेंट जोसेफ या दोन नद्या जिथे मिळतात आणि मॉमी बनून वाहू लागतात, तिथे ते वसलेले होते. आज तिथे फोर्ट वेन शहर आहे. तिथून थोड्या अंतराची जमीन ओलांडली की माणूस वाबाशच्या पाण्याला लागतो आणि ते पाणी त्याला मिसिसिपीपर्यंत घेऊन जाते. ती ओलांडण्याची वाट, होड्या आणि माल खांद्यावरून नेण्याची वाट, मायामींच्या ताब्यात होती. टाकुम्वा नावाची एक बाई आणि पुढे तिचा मुलगा या वाटेवरच्या मालवाहतुकीचे पैसे घेत. अमेरिकेच्या मध्यभागातला व्यापार एका बाईच्या हुकमतीखालच्या त्या वाटेने जात होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्या लोकांना पैसा कळत नव्हता, असे पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी ही वाट पाहिलेली नव्हती.

लढायांचा भाग मी थोडक्यात सांगते. 1791 च्या नोव्हेंबरात लिटल टर्टल या मायामी सेनानीने आणि त्याच्या मित्रजमातींनी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा असा धुव्वा उडवला की सहाशेहून अधिक सैनिक एका सकाळी पडले. तीन वर्षांनी फॉलन टिंबर्सला पारडे फिरले आणि 1795 मध्ये ग्रीनव्हिलचा तह झाला. पुढचे सारे युद्ध कागदावर झाले. 1809, 1818, 1826, 1834, 1838, 1840. दर तहाला जमिनीचा एक तुकडा गेला आणि दर तहाला वर्षासनाची एक रक्कम वाढली.

या वर्षासनापाशी मला थांबावेसे वाटते, कारण पुढची सगळी कहाणी तिथे रुजली आहे. सरकार जमिनीचे पैसे एकरकमी देत नसे. काही भाग दरवर्षी चांदीच्या नाण्यांत, ठरल्या जागी, ठरल्या दिवसांत वाटला जाई. नाण्यांच्या पेट्या यायच्या आणि त्यांच्या आधी व्यापारी येऊन बसलेले असायचे. वर्षभर त्यांनी उधारीवर घोंगड्या दिलेल्या असायच्या, छिटाचे कापड, खोगिरे, बंदुकीची दारू आणि प्यायची दारूसुद्धा. भाव त्यांनीच लावलेला, नोंद त्यांनीच केलेली, वही त्यांच्याच हातात. वाटपाच्या दिवशी नाणी मायामींच्या हातात पडत आणि संध्याकाळपर्यंत बरीचशी व्यापाऱ्यांच्या पेटीत जात. तरीही वहीत बाकी उरेच. बाकी उरणे व्यापाऱ्याच्या फायद्याचे होते, कारण ती बाकी पुढच्या तहात वसूल होणार हे त्याला ठाऊक होते.

1840 च्या नोव्हेंबरात वाबाशच्या संगमावर, आजच्या हंटिंग्टन गावाजवळ, शेवटचा मोठा तह झाला. इंडियानातली सुमारे पाच लाख एकरांची उरलेली मोठी राखीव जमीन मायामींनी सोडली. किंमत ठरली साडेपाच लाख डॉलर. त्यातली सुमारे निम्मी रक्कम मायामींची देणी भागवण्यासाठी बाजूला काढायची होती. म्हणजे जमीन विकली मायामींनी आणि तिचे निम्मे पैसे थेट व्यापाऱ्यांकडे. एका माणसाने घेतलेल्या घोंगडीची उधारी सगळ्या जमातीच्या माथी आली. ज्याने कधी दुकानाची पायरी चढली नाही त्याच्या वाटणीच्या जमिनीतूनही ती फिटली. त्याच तहात आणखी एक कलम होते: पाच वर्षांच्या आत जमातीने मिसिसिपीच्या पलीकडे निघून जायचे. नेण्याचा खर्च सरकारचा. पोहोचल्यावर बारा महिने शिधा सरकारचा.

त्या तहाचा मसुदा मी वाचला तेव्हा पहिल्याच वाक्यातल्या एका शब्दावर माझी नजर खिळली. अमेरिकेच्या वतीने बोलणी करणारे सॅम्युअल मिलरॉय आणि ॲलन हॅमिल्टन हे आयुक्त म्हणून काम करत होते, असे तिथे म्हटले आहे आणि पुढे कंसात लिहिले आहे, अनधिकृतपणे. वॉशिंग्टनहून त्यांना रीतसर हुकूम नव्हता. तरी पाच लाख एकर गेले आणि पुढे सिनेटने शिक्का मारला. हा हॅमिल्टन फोर्ट वेनचा व्यापारी. मायामींशी त्याचा धंदा होता, त्यांच्या प्रमुखाचा तो सल्लागार होता आणि इथे तो सरकारच्या बाजूने बसला होता. एकाच माणसाच्या अंगावर इतके अंगरखे असले की त्यातला कोणता बोलतो आहे हे समोरच्याला कसे कळावे? मायामींना ते कळत होते असे मला वाटते. कळूनही दुसरे कोणी टेबलावर नव्हते.

आणि मायामींच्या बाजूने कोण होते? टाकुम्वाचा मुलगा, ज्याँ बाप्तिस्त रिशारव्हिल. बाप फ्रेंच व्यापारी, आई मायामी. इंडियानातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होत असे. 1827 मध्ये फोर्ट वेनजवळ बांधलेले त्याचे घर आजही उभे आहे. त्या 1840 च्या तहात त्याला स्वतःला पंचवीस हजार डॉलर मिळाले, जमातीकडून येणे असल्याबद्दल. म्हणजे प्रमुखही धनको होता. फ्रान्सिस गॉडफ्रॉय हा दुसरा मोठा पुढारी त्याच वर्षी वारला होता. त्याच्या वारसांसाठीही पंधरा हजार डॉलर तहात लिहिले गेले. रिशारव्हिलच्या कुटुंबाला इंडियानातून जावे लागणार नव्हते. आधीच्या तहांत मिळवलेल्या खासगी जमिनी त्याच्या नावावर होत्या.

हा माणूस विकला गेला होता, असे म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही. शेजारच्या पोटवाटोमींना 1838 मध्ये बंदुकीच्या धाकावर हाकलले गेले. त्यांच्या त्या प्रवासात इतकी मुले गेली की त्याला मृत्यूची वाट म्हणतात. मायामी मात्र 1846 पर्यंत टिकले आणि सगळेच्या सगळे कधीच गेले नाहीत. रिशारव्हिलने तहामागून तहात जमिनीचे छोटे छोटे तुकडे नावानिशी राखून ठेवले, आपल्या लोकांसाठी आणि स्वतःसाठीही. ते तुकडे नसते तर इंडियानात पुढे पाय टेकवायलाही जागा उरली नसती. त्याने लोकांच्या नावावर स्वतःची तुंबडी भरली, हे खरे. त्याने वेळ विकत घेतला, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एका हिशेबात बसवता येत नाहीत आणि मी त्या बसवायचा प्रयत्नही करणार नाही. 1841 च्या ऑगस्टमध्ये तो वारला. त्याचा जावई फ्रान्सिस ला फाँतेन प्रमुख झाला आणि निघायची वेळ त्याच्या वाट्याला आली.

नेण्याचा खर्च सरकारचा, असे तहात होते. पण सरकार स्वतः नेत नसे. सरकार कंत्राट देई. 1844 मध्ये मायामींना नेण्याचे कंत्राट टेरे होट गावच्या टॉमस डाउलिंग नावाच्या माणसाला मिळाले. तो वृत्तपत्राचा संपादक होता, राजकारणात होता. त्याच्याकडे बोटी नव्हत्या, गाड्या नव्हत्या, पश्चिमेकडच्या वाटांची माहिती असण्याचे कारण नव्हते. त्याच्याकडे ओळखी होत्या. त्याने कंत्राट घेतले आणि विकले. ते पिट्सबर्गच्या रॉबर्ट पीबल्सकडे गेले, पुढे भागीदारांच्या हातांत गेले. फोर्ट वेनचा सॅम्युअल एडसॉल होता, साउथ बेंडचा ॲलेक्सिस कोकियार होता आणि जॉर्ज ईविंगही होता.

माणसे घरातच होती. त्यांनी त्या वर्षी मका पेरला होता, झोपड्यांवर साली घातल्या होत्या, पोरांची लग्ने केली होती. आणि त्यांना घरातून उठवण्याचा हक्क एका हातातून दुसऱ्या हातात, नफ्यासकट, विकला जात होता. गुराढोरांचा सौदा होतो तेव्हा निदान जनावर समोर उभे करतात.

ईविंग बंधूंची पेढी उत्तर इंडियानातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी पेढ्यांपैकी एक. मायामींची उधारी त्यांच्या वहीत, तहातल्या देण्यांत त्यांचे दावे, आणि आता नेण्याच्या कंत्राटातही वाटा. उधारी वसूल करायची तर मायामी इंडियानात राहून इथेच वर्षासन घेत राहणे सोयीचे. कंत्राटात पैसा कमवायचा तर ते लवकर जाणे सोयीचे. दोन्हीकडे हात असलेल्याला माणसे राहिली तरी पैसा, गेली तरी पैसा. फक्त वेळ बरोबर साधायची. त्या पाच-सहा वर्षांत मायामींच्या जाण्याच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, मुदती वाढल्या, ओरड झाली, पत्रे गेली. या ढकलण्यात मायामींचा नकार होता, तो सर्वांत मोठा होता. पण त्यांच्या नकारावरही कोणाकोणाचा नफा चालू होता, हे विसरता येत नाही.

कंत्राटदाराला पैसे कशाबद्दल मिळतात, हे समजून घेतल्याशिवाय त्या प्रवासाचा अर्थ लागत नाही. निघताना हजेरीपट तयार होई. कुटुंबप्रमुखाचे नाव, त्यापुढे पुरुष किती, बायका किती, मुले किती. पोहोचल्यावर सरकारी अधिकारी पुन्हा मोजी, दाखला देई. तो दाखला वॉशिंग्टनला, खजिन्याच्या लेखापरीक्षकाकडे. मग आक्षेप, खुलासे, वजावट. माणूस वाटेत वारला तर? मूल वाटेत जन्मले तर? कोणी रात्री निसटून जंगलात गेला तर? या प्रश्नांची उत्तरे पैशांत द्यायची होती.

याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण मायामींचे नाही, चेरोकींचे आहे. 1838 मध्ये चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस याने आपल्या लोकांना नेण्याचे काम सरकारकडून आपल्याच हाती घेतले, माणशी 65 डॉलर 88 सेंट या दराने. फौजेच्या हातून मरण्यापेक्षा आपण आपल्याला नेऊ, असा तो निर्णय होता. त्या दरात साबण धरलेला नव्हता. रॉसने तो मागाहून मागितला. नंतर हिशेब लागला तेव्हा रॉसची संख्या होती 13,149. पोहोचल्यावर सरकारी अधिकाऱ्यांनी मोजलेली संख्या साडेअकरा हजारांच्या आसपास. सोळाशेहून अधिक माणसांचा फरक. त्या फरकात थंडीत वाटेवर पुरलेली माणसे होती, वाटेत जन्मलेली होती, सटकलेली होती, मागाहून येऊन मिळालेली होती. वॉशिंग्टनमध्ये प्रश्न एवढाच होता की त्यांचे पैसे द्यायचे की नाही. आधीच्या सरकारने ती बाकी मान्य केली नाही, पुढच्या सरकारने 1841 मध्ये केली. सोळाशे माणसे किती काळ एका फाइलमध्ये वादग्रस्त रक्कम म्हणून पडून राहिली, याचा विचार करताना माझा घसा दाटतो. 1841 मध्येच मेजर ईथन ॲलन हिचकॉकला पश्चिमेत पाठवले गेले, शिध्याच्या कंत्राटांतले गैरव्यवहार तपासायला. त्याने खोटी वजने, किडके धान्य आणि नासके मांस यांचे पुरावे गोळा केले, अहवाल लिहिला. तो अहवाल काँग्रेसपुढे येऊ दिला गेला नाही.

असे सगळे घडून गेल्यावर, आणि माहीत असूनही, मायामींचे कंत्राट तसेच दिले गेले.

1846 च्या उन्हाळ्यात मायामी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा सरकारच्या हाती दोन दोऱ्या होत्या. एक वर्षासनाची. इंडियन खात्याचा आयुक्त विल्यम मेडिलच्या कारकिर्दीत हे स्पष्ट करण्यात आले की पैसे हवेत तर पश्चिमेत घ्या. जमीन विकलेली, उधारी चढलेली, आणि जमिनीच्या पैशाचा हप्ता अडवलेला. हा पैसा मायामींचाच होता, त्यांच्याच जमिनीचा. सरकार देणेकरी होते. देणेकऱ्याने धनकोला सांगावे की घर सोड, मग तुझे पैसे देतो, हे कोणत्या बाजारात चालते? दुसरी दोरी फौजेची. सप्टेंबरात सैनिक पेरूला आले. काही कुटुंबे मिसिसिनेवाच्या झाडीत लपली, काही उत्तरेला निघून गेली. सैनिक शोधत फिरले. जाणाऱ्यांपैकी काहींनी पूर्वजांच्या कबरींवरची मूठभर माती बरोबर घेतली, असे त्यांच्या वंशजांत सांगतात.

मग बोटी. तीनशेहून अधिक माणसे, सब-एजंट जोसेफ सिंक्लेअरच्या देखरेखीखाली. पेरूहून बोटी पूर्वेला निघाल्या. पश्चिमेला जायचे असून आधी पूर्वेला, कारण कालवा तसा होता. हंटिंग्टनजवळ त्या संगमावरून गेल्या, जिथे सहा वर्षांपूर्वी तहावर खुणा केल्या होत्या. तिथेच ला फाँतेनचे घर होते. कालव्याचे पाणी पुढे नेमके त्याच उंचवट्यावरून जात होते जिथून टाकुम्वाच्या काळी होड्या खांद्यावर जात. ती वाट बुजवून तिच्या जागी कालवा आला होता आणि आता त्या वाटेचे मालक त्याच कालव्यातून उतारूंसारखे चालले होते. फोर्ट वेन, म्हणजे केकिओंगा. मग ओहायोत शिरून मायामी आणि ईरी कालव्याने दक्षिणेला, ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यातून, डेटन, हॅमिल्टन, सिनसिनाटी. सिनसिनाटीहून ओहायो नदीने आगबोट सेंट लुईसला, तिथून मिसूरी नदीने दुसरी आगबोट कॅन्सस नदीच्या मुखापर्यंत आणि मग जमिनीवरून दक्षिणेला. नोव्हेंबर उजाडला होता. वाटेत काहीजण दगावले, त्यांत मुले होती. 9 नोव्हेंबरला लोक पोहोचले. वाबाशच्या काठच्या ओक-अक्रोडांच्या सावलीत वाढलेल्या माणसांपुढे माळ होता, हिवाळा तोंडावर होता आणि घरे बांधायची होती. पहिल्या वर्षांत अनेक जण गेले.

हंटिंग्टनजवळ त्या संगमावर मी उभी राहिले होते, ऑक्टोबर महिन्यातच. मॅपलची पाने खाली पडली होती, पाणी उथळ आणि करडे होते. ला फाँतेनचे पांढरे लाकडी घर अजून आहे. त्या घराच्या अंगणातून बोटी दिसत असणार. त्याची स्वतःची जमीन होती, त्याला राहता येत होते. तरी तो लोकांबरोबर गेला. हिवाळा त्यांच्यासोबत काढून वसंतात परत यायला निघाला आणि 1847 च्या एप्रिलमध्ये वाबाशच्याच काठी, लाफायेट गावी, वारला. जेमतेम सदतीस वर्षांचा होता. त्याला कोणी विष घातले, असे तेव्हा बोलले गेले. घरापासून थोड्याच अंतरावर होता तो. या साऱ्या माणसांत मला तो सर्वांत जवळचा वाटतो. रिशारव्हिलची हुशारी त्याच्याकडे नव्हती. तो बरोबर गेला, एवढेच.

ज्यांना राहू दिले त्यांत एक घर होते मिसिसिनेवाच्या काठच्या एका म्हातारीचे. तिचे मायामी नाव माकोनाक्वा, जन्माचे नाव फ्रान्सिस स्लोकम. 1778 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर घरातून ती पाच वर्षांची असताना पळवली गेली, डेलावेअर लोकांत वाढली, मायामींत लग्न झाले. 1835 मध्ये तिने आपले गुपित एका व्यापाऱ्याला सांगितले. तो व्यापारी म्हणजे जॉर्ज ईविंग. त्याने पत्र पाठवले, दोन वर्षांनी भाऊ-बहीण शोधत आले, घरी चल म्हणाले. ती गेली नाही. 1845 मध्ये तिच्यासाठी काँग्रेसमध्ये खास ठराव झाला. वृद्ध जॉन क्विन्सी ॲडम्सने त्याला पाठिंबा दिला. तिला आणि तिच्या मुलांनातवंडांना इंडियानात राहून वर्षासन घेता येईल असे ठरले. एका गोऱ्या रक्ताच्या आजीची कणव सगळ्या देशाला आली. ती यावी, मला त्याचे दुःख नाही. पण तिच्या शेजारणी, ज्यांनी तिला आपली मानले, ज्यांच्यात ती कित्येक दशके राहिली, त्यांच्यासाठी ठराव झाला नाही. त्या बोटीत होत्या. आणि बोटीच्या कंत्राटात ईविंग होता.

गेलेल्यांतले कित्येक परत आले. पायी, घोड्यावर, सापडेल त्या वाटेने. कंत्राट एकाच दिशेचे होते. परतीची नोंद कोणत्याही बिलात नव्हती. इंडियानात नातेवाइकांच्या राखीव तुकड्यांवर ते राहिले. मेशिंगोमेशिया या मायामी पुढाऱ्याच्या लोकांची जमीन त्यांत मोठी. अशा रीतीने एक जमात दोन ठिकाणी झाली आणि हिशेबही दोन झाले.

1854 च्या तहात कॅन्ससमधली बहुतेक जमीनही गेली आणि इंडियानातल्या मायामींचा पैसा वेगळा काढला गेला. सरकारने तो जवळ ठेवून व्याज द्यायचे होते. त्यासाठी यादी झाली. चार वर्षांत काँग्रेसने त्या यादीत अशी माणसे घातली ज्यांना मायामी आपली मानत नव्हते. ती नावे निघेपर्यंत त्यांना पैसे जात राहिले. ते परत मिळवण्यासाठी इंडियानाचे मायामी कित्येक वर्षे झगडले. 1881 मध्ये मुद्दल वाटले गेले: दोन लाख एकवीस हजारांवर डॉलर, 318 माणसांत, माणशी सुमारे 695 डॉलर. वर्षासन संपले. 1873 मध्ये कॅन्ससच्या मायामींना पुन्हा उठवायला सुरुवात झाली होती, आताच्या ओक्लाहोमात. 1897 मध्ये सरकारच्या एका वकिलाने मत दिले की इंडियानाचे मायामी आता जमात म्हणून उरले नाहीत. तो वकील विलिस व्हॅन डिव्हँटर, पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. कर लागले, गहाणखते झाली, मेशिंगोमेशियाचे तुकडे हातोहात गेले.

एक कलम मात्र मी सहसा कोणी न सांगितलेले सांगते, कारण मला ते वाचून पहिल्यांदा थोडा श्वास मोकळा झाला. 1946 मध्ये, बोटी निघाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, काँग्रेसने जमातींचे जुने दावे ऐकण्यासाठी इंडियन क्लेम्स कमिशन नेमले. जमिनीचा खरा मोबदला ठरवून द्यायचा होता. पण सरकारने जमातीसाठी कृपेने जे काही खर्च केले ते त्यातून वजा करता येईल, असेही कायद्यात होते. व्याज बहुधा मिळणार नव्हते. त्या वजावटीच्या कलमातच अपवाद लिहिला होता. सरकारच्या सांगण्यावरून जमातीला एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यात झालेला खर्च वजा धरू नये. म्हणजे कोणाच्या तरी मनात ही भीती होती की सरकारी वकील उभे राहतील आणि म्हणतील, आम्ही तुम्हाला बोटीत बसवून नेले त्याचे भाडे आधी कापून घेऊ. ती भीती खोटी नव्हती, म्हणूनच कायद्यात लिहावे लागले. शिध्याचे पैसे मात्र त्या अपवादात नव्हते. अन्नधान्यावर केलेला खर्चही वजा करू नये, हे कायद्यात यायला 1974 उजाडले. मायामींनी, ओक्लाहोमाच्या आणि इंडियानाच्या दोघांनीही, दावे लावले, चालवले, काही जिंकले आणि पैसे दोन्हीकडच्या वंशजांत वाटले गेले. इंडियानाच्या मायामींना जमात म्हणून मान्यता मात्र मिळाली नाही. 1992 मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला आणि 2001 मध्ये वरिष्ठ न्यायालयातही ते हरले. पैसे घ्यायला ते मायामी आहेत. जमात म्हणायला नाहीत.

या लोकांना हिशेब कळत नव्हता, असे मी ज्या ज्या जुन्या पानांवर वाचले तिथे मला थांबून भांडावेसे वाटते. हिशेब त्यांनी शंभरहून अधिक वर्षे ठेवला. कोणत्या तहात काय लिहिले होते, कोणत्या यादीत कोण घुसवले, कोणत्या वर्षी किती आले आणि किती यायला हवे होते. म्हाताऱ्यांनी पोरांना सांगितले, पोरांनी वकील धरले. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावच्या विद्यापीठाचेही नाव मायामीच. 1970 च्या दशकापासून ओक्लाहोमाच्या मायामी जमातीचे त्याच्याशी नाते जुळले आणि आज तिथल्या मायामिया सेंटरमध्ये जमातीची माणसे संशोधन करतात. मिशनऱ्यांच्या जुन्या वह्यांतून त्यांनी आपली भाषा पुन्हा बोलती केली. त्या कामाचे एक प्रमुख डॅरिल बाल्डविन यांना 2016 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्या मंडळींनी 1846 ची ती वाट नकाशावर पुन्हा आखली, थांब्यामागून थांबा, कालव्याच्या बुजलेल्या खुणांवरून चालून.

यासाठी त्यांना कागद लागले. हजेरीपट, वर्षासनाच्या याद्या, 1881 च्या वाटपाची यादी. कंत्राटदाराचे बिल पास व्हावे म्हणून, लेखापरीक्षकाचे समाधान व्हावे म्हणून, एकेका घराची माणसे मोजून लिहिलेली ती पाने. आज ओक्लाहोमात किंवा पेरूमध्ये एखादी मुलगी तीच पाने उघडते आणि नावांच्या ओळींवरून बोट फिरवत आपली पणजी शोधते.